किल्लीची बस

आमची किल्ली लहानपणी गेम खेळायला बसली की मुद्दाम हरायची. तिच्या वर्गातली पोरं शर्यतीच्या गेममध्ये पहिला नंबर काढायला जिवाचं रान करायची, आणि ही बया आपली गाडी रस्ता सोडून शेतात घालायची, झाडांवर आपटायची, डोंगराच्या पायथ्याशी नेऊन उभी करायची. मी मागून ओरडायचे, "अगं ए, रस्ता तिकडे आहे!" तर म्हणायची, "आत्या, रस्त्यावर काय आहे ते सगळ्यांना माहितीये. डोंगराच्या मागे काही काढलंय का, ते बघतेय." डोंगराच्या मागे काहीही नसायचं. नुसता करडा रंग. पण तो करडा रंग दिसला की बाईसाहेब खूश. "बघ, इथपर्यंत काढलं आणि मग तो माणूस कंटाळला," असं ती मला सांगायची. गेम म्हणजे कुणीतरी माणसाने बसून काढलेली वस्तू आहे, हे दुसरीतल्या पोरीच्या डोक्यात आलं होतं. माझ्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. मला वाटायचं, ते मशीनमध्येच असतं.

किल्ली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. रांगत असताना बापाच्या दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा मुठीत असल्याशिवाय तोंडात घास घ्यायची नाही, म्हणून किल्ली. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहू दे. भावाचं चष्म्याचं दुकान आहे, भावजय रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि मी बसमध्ये कंडक्टर. दिवसभर "पुढे सरका, पुढे जागा आहे, दारात उभं राहू नका" करून कमावलेला आवाज आहे माझा. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते; पण जेवायला खाली, टीव्हीला खाली आणि भांडायलाही खालीच. त्यामुळे किल्ली जितकी त्यांची तितकीच माझी आहे. हे मी भावजयीच्या तोंडावर सांगते आणि ती नुसती हसते.

दुकानात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना घरी आला. सुरू केला की घरघर करायचा, तापायचा, आणि उन्हाळ्यात भाऊ टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून लावायचा. आम्ही बसायचो घाम पुसत आणि वारा खायचा कॉम्प्युटर! त्याच्यावर किल्ली आधी खेळली आणि मग, शाळेत असतानाच, वाचनालयातून प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक आणून स्वतःचा गेम करायला लागली. एके संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तर मला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं. एक लांबट चौकोन होता. त्याच्या आत एक ठिपका इकडून तिकडे फिरत होता.

"ही बस," ती म्हणाली, "आणि हा ठिपका म्हणजे तू."

"मी ठिपका? एवढी उभी आडवी बाई तुला ठिपका दिसते?"

"हात-पाय नंतर काढीन. आधी तुला चालता तर येऊ दे."

तो ठिपका काही तिने सोडला नाही. ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, आणि ठिपक्याला हात आले, पाय आले, खाकी कोट आला, खांद्याला पिशवी आली. चौकोनाला खिडक्या आल्या, चाकं आली, बाहेर दुकानं आणि दिव्याचे खांब आले. बसमध्ये माणसं चढायला लागली. पोतं घेतलेला, पोट आलेली गरोदर बाई, दोन्ही खांद्यांवर दोन पोरं घेतलेला, खिडकीसाठी भांडणारे, आणि तिकीट न काढता मागे सटकणारा एक फुकट्या. खेळणाऱ्याने कंडक्टर व्हायचं. गर्दीतून वाट काढायची, तिकिटं द्यायची, ज्याला बसायची गरज आहे त्याला जागा मिळवून द्यायची, बेल मारायची, आणि सकाळपासून रात्रीपर्यंतची फेरी पुरी करायची. या अख्ख्या गेममध्ये एक अक्षर लिहिलेलं नाही. कुणाचा पारा चढला की चेहरा लाल होतो, समाधान झालं की पिवळा. संपलं. बाकी तुमचं तुम्ही समजून घ्या.

मी स्वतः तो गेम बाजाराच्या स्टॉपपुढे कधी नेला नाही. कारण एकच, तो फुकट्या. तो दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि त्याला खाली उतरवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तोवर इकडे पोतंवाला लाल, पोट आलेली लाल, सगळी बस लाल, आणि सगळी बस लाल झाली की खेळ खल्लास. किल्ली म्हणायची, "आत्या, त्याला सोड की." मी म्हणायचे, "तू सोड. मी इतकी वर्षं कुणाला सोडलं नाही, तुझ्या चित्रातल्या माणसाला सोडू?"

दिवसा किल्लीचं काम वेगळं. तिच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करतात. कुठल्या डॉक्टरकडे कुणाचा नंबर कधी, कुणाचा रिपोर्ट कुठे, असलं सगळं. तिथे हिचं फार नाव आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक ती तांदळातल्या खड्यासारखी उचलते. तिच्या ऑफिसातल्या मुली घरी आल्या होत्या, त्यांनीच सांगितलं, "काकू, काम पुढे पाठवायच्या आधी आम्हाला हिची भीती वाटते." माझी छाती फुगली. काकू म्हणाल्या त्याचाही राग आला नाही.

आणि संध्याकाळी घरी आली, चहा घेतला, की त्या घरघर्‍या मशीनपुढे. ऑफिसचं मशीन घरच्या कामाला वापरायचं नाही असा तिथला नियम होता, आणि किल्ली नियमाला पक्की. घरच्या मशीनचा पडदा बदलला, पंखा दोनदा बदलला, पण मशीन तेच.

तिची एक पद्धत मात्र माझ्या मुळावर आलेली होती. गेममध्ये काही नवं घातलं की ती कुणाला तरी घरी बोलवायची आणि खेळायला बसवायची, आणि ते खेळत असताना तोंडातून शब्द काढायची नाही. हात पाठीमागे बांधून मागे उभी राहायची. माणूस अडला, चुकला, गोंधळला, चिडला, तरी ही मख्ख. आणि आम्हीही गप्प बसायचं. एकदा खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई खेळत होत्या. त्यांना बेल कुठे आहे तेच सापडेना. बस उभी ती उभीच. बाई बिचार्‍या मागे पुढे, मागे पुढे. मी जीभ चावली, ओठ दाबले, शेवटी राहवलं नाही. "अहो, दाराच्या वर! वर बघा ना!"

किल्लीने मला स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. दार लावून घेतलं. मला! जिने हिला अंगाखांद्यावर खेळवलं तिला!

नंतर समजूत काढायला आली. "आत्या, उद्या हा गेम कुठे कुठे जाईल. मी काय प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभी राहून सांगणार आहे का, की वर बघा? बेल त्यांना दिसली नाही तर चूक त्यांची नाही, माझी. तू सांगितलंस की माझी चूक झाकली जाते."

दुसऱ्या दिवशी तिने बेलला लाल रंग दिला. पुन्हा कुणी अडलं नाही. तेव्हा मला ते मनातून पटलं, पण तोंडाने मी अजून कबूल केलेलं नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना ऑफिसातल्या मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. मोठी जागा देऊ केली. हाताखाली माणसं, स्वतंत्र खोली, आणि संध्याकाळी दूरदूरच्या दवाखान्यांशी बोलणी, म्हणजे घरी यायला काही धरबंध नाही. भावजय खूश झाली. भाऊ चष्मा पुसत बसला. त्याला काही सुचलं नाही की तो समोर येईल तो चष्मा पुसतो. किल्लीने साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली.

"यात विचार काय करायचा?" भावजय म्हणाली. "गेम काय, सुट्टीच्या दिवशी कर."

"सुट्टीच्या दिवशी होत नाही गं आई. रोज थोडं केलं तरच ते डोक्यात राहतं." मग जरा वेळाने म्हणाली, "हौशी लोकांच्या गेमचं प्रदर्शन आहे पुढच्या शनिवार-रविवारी. मी टेबल मागितलंय. माझा गेम आजवर कुणीच शेवटपर्यंत खेळलेला नाही. तुम्ही पण नाही. जो शेवटाला पोचेल तोच शेवट बघेल, म्हणून मी तो कुणाला दाखवलाही नाही. त्या दोन दिवसांत एका तरी अनोळखी माणसाने आपणहून, कुणी न सांगता, शेवटपर्यंत खेळला तर मी गेम करत राहीन आणि साहेबांना नाही म्हणेन. एकानेही नाही खेळला तर मी ती जागा घेईन, आणि मग रडणार नाही."

"कुणी न सांगता" म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगून संपवला तर तो धरायचा नाही," असंही वर म्हणाली. पोरगी भांडली असती, रुसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मात्र तिकीट फाडून हातात द्यावं तसं सरळ बोलली.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे त्या हॉलमध्ये हजर. भावजयीला ड्युटी होती, ती तेवढी नव्हती. मोठा हॉल, रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलावर आयोजकांनी ठेवलेलं नवंकोरं मशीन. पडदे असे चकाचक की भावाला पुसायलाही काही मिळेना. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी धडाधड बंदुका उडवणारा गेम होता, पलीकडे उड्या मारणारा बेडूक. किल्लीने आपला गेम मशीनवर चढवला, सुरू केला, आणि पहिली दोन कॉलेजची पोरं येऊन बसली.

बस सुटली ती बंदुकीच्या गोळीसारखी! स्टॉप आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. दारं फटाफट उघडून मिटत होती, माणसं चढायच्या आत लालबुंद होत होती, आणि ती खाकी कोटातली बाई, म्हणजे मी, अंगात आल्यासारखी या टोकाहून त्या टोकाला नाचत होती. क्षणात सकाळची रात्र झाली, सगळी बस लाल झाली आणि पडदा काळा पडला. पोरं पोट धरून हसली. एक म्हणाला, "भारी कॉमेडी केलीय," आणि दोघं बेडकाकडे गेली.

किल्ली पांढरीफटक. ती खुर्चीत बसली, स्वतः एक फेरी सोडून बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. तिने आम्हाला समजावून सांगितलं ते असं. मशीन गेमची चित्रं एकामागून एक काढत असतं. शाळेत असताना तिने लिहून ठेवलं होतं की एक चित्र काढलं की बस एक पाऊल पुढे. घरचं मशीन सावकाश चित्रं काढायचं, म्हणून बस सावकाश. हे नवं मशीन भराभर काढतं, म्हणून बस सुसाट. वेळ घड्याळावर मोजायला हवा होता, तो तिने मशीनच्या दमावर मोजला होता. वर इतक्या वर्षांचा इमला चढवला, आणि पायाकडे परत बघितलंच नाही.

"ऑफिसात एखाद्या नव्या पोराने असं केलं असतं ना आत्या, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं," ती म्हणाली. आणि मला चक्क हसू आलं. तिलाही आलं, पण रडण्याच्या अलीकडचं.

भाऊ उठला. "मी घरचं मशीन घेऊन येतो. रिक्षात मांडीवर ठेवून आणतो."

"नको बाबा. ते एकच मशीन घेऊन मी कुठे कुठे फिरणार? इथे चालला पाहिजे."

आयोजक येऊन बघून गेले, अडचण असेल तर टेबल बंद ठेवा म्हणाले. किल्लीने नकाराची मान हलवली आणि ती कामाला लागली. दुपारच्या आत तिने मशीनला लगाम घातला. बस ताळ्यावर आली, माणसासारखी चालायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. पुन्हा लोक येऊन बसायला लागले, आणि किल्ली हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

आता सगळे खेळणारे एकाच ठिकाणी मरायला लागले. बाजाराचा स्टॉप. तिथे एकदम गर्दी चढते. घरी खेळताना त्या स्टॉपला एक गंमत व्हायची, बस भरली की सगळं कसं जड व्हायचं. बस हळू, दारं हळू, माणसांचं चिडणंही हळू. खेळणाऱ्याला विचार करायला उसंत मिळायची. मी येणार्‍या-जाणार्‍याला सांगत असे की हे किल्लीने माझ्या बसवरून घेतलंय, भरलेली गाडी अशीच चालते. इथे मात्र गर्दी चढली तरी बस त्याच वेगाने, दारं त्याच वेगाने, आणि खेळणारा हां हां म्हणता गारद. एक आला, गेला. दुसरी आली, गेली. किल्ली त्यांच्या हातांकडे बघत होती. ते नेमके कुठे थांबतात, कुठल्या क्षणी मान मागे टाकतात. एक शब्द नाही. मी तर दोनदा हॉलबाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

संध्याकाळी हॉल बंद होताना ती म्हणाली, "आत्या, तुला एक सांगू? ते बाजाराच्या स्टॉपला सगळं हळू व्हायचं ना, ते मी कधी केलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"बसमध्ये माणसं वाढली की मशीनला इतक्या जणांची चित्रं काढायला लागायची. ते दमायचं. म्हणून सगळं हळू व्हायचं. मी समजत होते माझा गेम छान जमलाय. छान जमवलं होतं त्या डबड्याने."

माझं तोंड पडलं. मी अख्ख्या डेपोत सांगून ठेवलं होतं.

"मग आता?"

"आता ते मी करीन. मुद्दाम."

घरी येऊन ती जेवली आणि सरळ झोपली. डोकं दमलेलं असताना मी कोडला हात लावत नाही, म्हणाली. आम्ही तिघं मात्र एकमेकांना उगाच चहा विचारत बसलो.

रविवारी हॉल उघडला तेव्हा आम्ही दारातच होतो. लोक यायच्या आत तिने ते लिहून काढलं. बसमध्ये एक माणूस वाढला की बसचा वेग जरासा कमी, दारं जराशी जड, आणि खच्चून भरली की बस अक्षरशः धापा टाकते, स्प्रिंगा खाली बसतात, खिडक्या थरथरतात. "आता मशीन दमणार नाही," ती म्हणाली, "बसच दमेल." मी उभी राहून बघितलं. खरं सांगते, घरच्यापेक्षा सरस झालं होतं. घरचं डबडं नुसतं कुंथायचं. ही बस माणसांचं ओझं वाहत होती. माझ्या भाचीने एका सकाळीत आपली जुनी चूक पायापासून उपटली आणि चुकून मिळालेलं सुख स्वतःच्या हाताने बनवून दाखवलं. हे मी सांगणार नाही तर कोण सांगणार?

लोक बाजाराच्या पुढे जायला लागले. पण हॉल म्हणजे हॉल. कुणाला मित्र हाक मारायचा, कुणाला पलीकडून बंदुकांचा आवाज ओढायचा. एक दाढीवाला सिनेमाच्या स्टॉपपर्यंत गेला आणि त्याचा फोन वाजला. दुपार कलली. मी मनातल्या मनात त्या मॅनेजरसाहेबांना शिव्या घालायला सुरुवात केली होती.

मग एक बाई आल्या. गळ्यात कुठल्याशा कारखान्याचं ओळखपत्र, पायात टाच घासणार्‍या चपला. त्यांचा नवरा शेजारी बंदुका उडवत होता. "इथे जरा बसू का?" त्यांनी किल्लीला विचारलं. "मी खेळणार नाही हां. मला येत नाही. फक्त टेकते." किल्लीने मान हलवली. बाई टेकल्या. समोर स्टॉपवर बस उभी होती आणि दारात पोतंवाला ताटकळत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि सहज एक बटण दाबलं.

पहिल्याच स्टॉपला त्यांची बस लाल झाली. "अरेच्चा," म्हणाल्या आणि पुन्हा सुरू केलं. दुसर्‍यांदा त्यांनी पोट आलेलीला आधी जागा दिली. फुकट्या मागे सटकला तर हसल्या आणि सोडून दिला. मी भावाचं मनगट धरलं. बाजाराला बस धापा टाकायला लागली तेव्हा बाईही श्वास रोखून पुढे वाकल्या. पण गर्दीतून गेल्या. नवरा येऊन "चल" म्हणाला, तर न बघताच "थांब हो" म्हणाल्या. सिनेमाचा स्टॉप गेला. शाळेचा गेला. बाहेर दिवे लागले. माणसं एकेक करून उतरली, सगळे पिवळे चेहरे. शेवटचा स्टॉप आला.

बाईंनी बेल मारली. बस हलेना. पुन्हा मारली. हलेना. बस रिकामी दिसत होती, दारं उघडी, आणि कंडक्टर मधोमध उभी.

मला कळलं होतं. पाहताक्षणी कळलं होतं. शेवटच्या फेरीला मागच्या सीटवर कुणीतरी झोपलेलं असतंच. मी जन्मभर उठवत आले आहे. मागच्या सीटच्या पाठीवरून लोकरी टोपीचं टोक एवढंसं वर आलेलं होतं. "मागे बघा," दोन शब्द. माझ्या घशापर्यंत आले होते. मी रुमाल तोंडात कोंबला. भावाने माझा दंड आवळून धरला. बाईंनी बटणांवरचे हात काढले आणि मांडीवरची पर्स उचलली. मी किल्लीकडे पाहिलं. तिचे हात पाठीमागे होते आणि तिने आपलीच बोटं इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. तिच्या तोंडून मात्र हूं की चूं नाही.

बाई उठता उठता थांबल्या. "हलत कशी नाही ही?" स्वतःशीच म्हणाल्या. "कुणी राहिलंय का आत?" आणि पुन्हा टेकल्या, आणि कंडक्टरला चालवत चालवत मागे घेऊन गेल्या.

टोपीवाला म्हातारा जागा झाला, डोळे चोळले, पिवळा झाला आणि उतरला. बाईंनी बेल मारली. बस सुटली. आणि मग बाईंनी बटण दाबलं तरी कंडक्टर ऐकेना. ती आपली आपणच चालत खिडकीपाशी गेली, पिशवी खांद्यावरून काढून शेजारी ठेवली, आणि बसली. अख्ख्या गेममध्ये पहिल्यांदा बसली. पायातला बूट काढला, टाच हातात घेतली, डोकं काचेला टेकवलं. बाहेरून दिव्यांचे खांब जात राहिले. कुणी चढत नव्हतं, कुणी उतरत नव्हतं. तेवढंच, आणि गेम संपला.

शेवटच्या फेरीनंतर डेपोपर्यंत मी अशीच जाते. शाळेत असताना किल्ली माझ्याबरोबर त्या फेरीला एकदोनदा आली होती, ड्रायव्हरमागच्या सीटवर पेंगत. मला वाटलं, झोपलीय. ती झोपली नव्हती. ती बघत होती, आणि तिने ते इतकी वर्षं जपून ठेवलं आणि तिच्या गेमच्या सगळ्यात शेवटी, जिथे पोचायला माणसाला दिवसभर राबावं लागतं तिथे, मला नेऊन बसवलं. मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही, आणि भावाने आपला चष्मा काढला पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

बाईंनी मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. मग किल्लीकडे वळल्या. "ही कोण आहे हो? कुणीतरी खरी आहे ना?"

आता बोलायला हरकत नव्हती. किल्लीने पाठीमागचे हात सोडले. "माझी आत्या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं.

बाई माझ्याकडे बघून झटकन उठल्या, आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. "या ना, बसा." नको नको म्हणायची माझी जुनी सवय आहे. पण मी बसले.

"दुसरा कुठला आहे का तुमचा गेम?" बाईंनी किल्लीला विचारलं. नवरा मागे पिशव्या घेऊन उभा होता, तरी विचारलं.

"अजून नाही," किल्ली म्हणाली. "करणार आहे. उद्यापासून." आणि तिथेच, त्या बाईंच्या देखत, तिने खिशातून फोन काढला आणि मॅनेजरसाहेबांना नाही म्हणून कळवलं.